आतड्याचा कॅन्सर : सोनोग्राफी, सीटी, एमआरआय, पेट – कोणती तपासणी कशासाठी?

"सोनोग्राफी नॉर्मल आली ना? मग काळजी कसली?"

हे वाक्य आम्ही वस्त्यांमध्ये काम करताना इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते ऐकले की आम्हालाच काळजी वाटू लागते. बेचाळीस वर्षांचे एक समाजबांधव, टेम्पोचालक. संडासवाटे रक्त पडत होते. एका दवाखान्यात मूळव्याध म्हणून मलम आणि गोळ्या मिळाल्या. रक्त थांबेना म्हणून पोटाची सोनोग्राफी झाली, तीही दोनदा. दोन्ही वेळा नॉर्मल. आठ महिन्यांत वजन अकरा किलो उतरले. शेवटी सरकारी रुग्णालयातल्या एका तरुण डॉक्टरने हातमोजा घालून गुदद्वारातून बोटाने तपासणी केली. दोन मिनिटांत गाठ हाताला लागली.

त्यानंतर सुरू झाली तपासण्यांची रांग. दुर्बिणीची तपासणी, तुकडा, सीटी, एमआरआय. एका हातात फिल्मची मोठी पिशवी आणि दुसऱ्या हातात डबा घेऊन त्यांची पत्नी रुग्णालयाच्या जिन्यावर बसली होती. तिने आम्हाला विचारले, "ताई, एवढे फोटो काढतात, मग औषध कधी देणार?"

तिला आम्ही तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही. रुग्णासोबत जाणे, रांगेत उभे राहणे, अर्ज भरणे हे आम्हाला जमत होते. पण हे सगळे 'फोटो' कशासाठी, एक झाल्यावर दुसरा का, कोणता टाळता येतो आणि कोणता टाळला तर महागात पडतो, हे आम्हीच समजून घेतले नव्हते. नंतर डॉक्टरांना विचारून, वाचून आणि अनेक रुग्णांच्या फाईली सांभाळून जे समजले, ते इथे मांडत आहोत. हा लेख डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेण्यासाठी नाही. डॉक्टरांसमोर बसल्यावर आपल्या माणसाला प्रश्न विचारता यावेत, यासाठी आहे.

लाज कोणत्या आजाराची?

तपासण्यांकडे जाण्याआधी एक गोष्ट. विनयपिटकातल्या महावग्गात एका आजारी भिक्खूचा प्रसंग आहे. त्याला पोटाचा विकार झाला होता आणि तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नाही म्हणून कोणी त्याची सेवा करत नव्हते. तथागत आनंदासह तिथे पोहोचले. त्यांनी पाणी आणायला सांगितले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून बिछान्यावर ठेवले. मग संघाला बोलावून सांगितले की इथे तुमची सेवा करायला आई नाही, बाप नाही, तेव्हा तुम्हीच एकमेकांची सेवा केली पाहिजे. ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

हा प्रसंग आपण विहारात अनेकदा ऐकतो. पण तो भिक्खू कोणत्या आजाराने पडला होता, याकडे आपले लक्ष जात नाही. आजार पोटाचा होता, ज्याबद्दल बोलायला आजही आपल्याला संकोच वाटतो. छातीत दुखले तर माणूस चारचौघांत सांगतो. संडासात रक्त दिसले तर बायकोलाही सांगत नाही. बाई असेल तर ती पाळीचे रक्त समजून गप्प बसते, किंवा तसे समजून तिला गप्प बसवले जाते. हा संकोच जातो तोवर आजार पुढे गेलेला असतो.

मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कॅन्सर जगभरात वर्षाला सुमारे १९ लाख लोकांना होतो, असा २०२२ चा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंमध्ये त्याचा क्रमांक फुप्फुसाच्या कॅन्सरनंतर दुसरा लागतो. भारतात त्याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे, पण आपल्याकडच्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत पन्नाशीच्या आतले रुग्ण मोठ्या संख्येने येतात आणि अनेकजण आजार पुढे गेल्यावर येतात. आपल्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर यांची तपासणी आहे. आतड्याच्या कॅन्सरची नाही. कोणी घरी येऊन विचारणार नाही. म्हणून लक्षण दिसल्यावर काय करायचे, हे आपल्याच लोकांना माहीत असायला हवे.

पहिला प्रश्न : आहे का, आणि नेमके काय आहे?

प्रत्येक तपासणी एका ठरावीक प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी असते. प्रश्न बदलला की तपासणी बदलते. हे एवढे लक्षात ठेवले तरी निम्मा गोंधळ कमी होतो.

पहिला प्रश्न, कॅन्सर आहे की नाही. इथे सोनोग्राफीवर अवलंबून राहता येत नाही. सोनोग्राफीत ध्वनिलहरी शरीरात पाठवून परत येणाऱ्या लहरींवरून चित्र तयार होते. लिव्हर, किडनी, पित्ताशय यांसाठी ती चांगली आहे. पण आतड्यात हवा असते आणि हवेतून या लहरी नीट जात नाहीत. गुदाशय तर ओटीपोटाच्या हाडांच्या मागे खोल दडलेले असते. त्यामुळे सोनोग्राफी नॉर्मल आली याचा अर्थ आतड्यात गाठ नाही, असा होत नाही. आमच्या टेम्पोचालक बांधवाची सोनोग्राफी चुकीची नव्हती. प्रश्न वेगळा होता आणि तपासणी वेगळीच केली गेली.

खरी सुरुवात होते ती बोटाने तपासणी करण्यापासून. तिला मशिन लागत नाही आणि खर्च जवळजवळ नाही. गुदाशयाच्या खालच्या भागातल्या अनेक गाठी बोटाला लागतात. मूळव्याधीचे औषध देण्याआधी ही तपासणी झाली का, हे विचारण्यात काहीही गैर नाही.

त्यानंतर कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतून पाहणे. मोठे आतडे साधारण दीड मीटर लांब असते. आदल्या दिवशी औषध पिऊन पोट पूर्ण साफ करावे लागते. ती रात्र संडासात जाते, हे आधीच सांगून ठेवलेले बरे. पोट साफ नसेल तर काही दिसत नाही आणि सगळे पुन्हा करावे लागते. दुर्बिणीतून संशयास्पद जागेचा छोटा तुकडा काढून तपासतात. कॅन्सर आहे असे ठामपणे म्हणता येते ते या तुकड्याच्या रिपोर्टवरून. कितीही महागडा स्कॅन त्याची जागा घेत नाही.

इथे एक गैरसमज आडवा येतो. "तुकडा काढला की कॅन्सर भडकतो." आम्ही अशी कुटुंबे पाहिली आहेत जी या भीतीने रुग्णालयाच्या दारातून परत गेली. दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही. आजार पसरतो तो आपण घरी बसून घालवलेल्या महिन्यांत. कालामांना तथागतांनी सांगितले होते की ऐकीव आहे, परंपरेने चालत आले आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नका, तपासून पाहा. शेजाऱ्याच्या सांगण्यावर तपासणी सोडणे हे याच्या अगदी उलट आहे.

काही वेळा गाठीने मार्ग इतका अरुंद झालेला असतो की दुर्बीण पुढे जात नाही, किंवा रुग्णाची तब्येत तिला झेपणारी नसते. तेव्हा सीटी कोलोनोग्राफी करतात. आतड्यात हवा किंवा कार्बन डायऑक्साइड भरून सीटीने आतल्या भिंतीचे चित्र घेतात. पण त्यात तुकडा काढता येत नाही; काही दिसले तर पुढे दुर्बीण किंवा शस्त्रक्रिया आलीच. पोट एकदम फुगले, गॅस आणि शौच दोन्ही बंद झाले, उलट्या सुरू झाल्या तर आतड्याचा मार्ग बंद झालेला असू शकतो. तेव्हा ही रांग विसरायची आणि थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचे. तिथे एक्स-रे आणि सीटीवरून लगेच निर्णय होतो.

दुसरा प्रश्न : कुठवर गेला आहे?

तुकड्याचा रिपोर्ट आला की घरचे म्हणतात, "आता कळले ना कॅन्सर आहे, मग करा ऑपरेशन." इथेच सीटी स्कॅनची पाळी येते. छाती, पोट आणि ओटीपोट या तिन्हींचा सीटी, तोही शिरेतून औषध देऊन करतात. त्या औषधाला रुग्णालयात कॉन्ट्रास्ट किंवा डाय म्हणतात. ते रक्तातून सगळीकडे जाते आणि त्यामुळे गाठ, रक्तवाहिन्या आणि लिव्हरमधले डाग वेगळे ओळखता येतात.

आजार आतड्याचा आणि स्कॅन छातीचा का? आतड्यातले रक्त आधी लिव्हरकडे जाते. त्यामुळे आतड्यातून निसटलेल्या कॅन्सरच्या पेशी बहुतेकदा पहिल्यांदा लिव्हरमध्ये अडकतात. त्यापुढचा नेहमीचा मुक्काम फुप्फुस. म्हणून डॉक्टर या दोन जागा मुद्दाम पाहतात. लिव्हरमध्ये आजार असताना तो न पाहता आतड्याचे ऑपरेशन केले, तर रुग्णाला मोठ्या शस्त्रक्रियेचा त्रास होतो आणि योग्य उपचाराची वेळ मात्र निघून जाते.

'लिव्हरमध्ये गेला' हे ऐकले की घरात रडारड सुरू होते. पण आतड्याच्या कॅन्सरमध्ये लिव्हरमध्ये मोजके डाग असतील तर काही रुग्णांमध्ये तेही शस्त्रक्रियेने काढता येतात आणि त्यातले काहीजण बरेही होतात. डाग किती आहेत, कोणत्या रक्तवाहिनीजवळ आहेत, उरणारे लिव्हर पुरेसे असेल का, हे सगळे चित्रांवरूनच ठरते. सीटीत शंका राहिली तर लिव्हरचा एमआरआय करतात. त्यामुळे रिपोर्टमधला एक शब्द वाचून रुग्णाला घरी नेऊ नका. लिव्हरची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी हे फोटो पाहिले का, असे विचारा.

तिसरा प्रश्न : आधी ऑपरेशन की आधी रेडिएशन?

"शेजारच्या रुग्णाचा एमआरआय केला, आमच्या माणसाचा का नाही?" हा प्रश्न वॉर्डात नेहमी येतो. उत्तर गाठ कुठे आहे यावर आहे. मोठ्या आतड्याच्या वरच्या भागात गाठ असेल तर बहुतेक वेळा सीटी पुरतो. गाठ गुदाशयात, म्हणजे शेवटच्या साधारण १५ सेंटीमीटरमध्ये असेल, तर ओटीपोटाचा एमआरआय फार महत्त्वाचा ठरतो.

कारण समजून घेऊ. गुदाशयाच्या भोवती चरबीचा थर असतो आणि त्या थराभोवती पातळ पडदा असतो. फडक्यात बांधलेल्या भाकरीसारखी ही रचना आहे. कॅन्सरच्या गाठी आणि लसिकाग्रंथी या फडक्याच्या आत असतात. चांगला सर्जन गाठोडे न उघडता, फडक्यासकट बाहेर काढतो. इंग्लंडमधले सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये ही पद्धत मांडली आणि त्यामुळे कॅन्सर त्याच जागी परत येण्याचे प्रमाण खूप घटले.

पण गाठ वाढत जाऊन फडक्यालाच चिकटली असेल तर? मग गाठोडे काढताना कॅन्सरचा अंश आत राहू शकतो. एमआरआय हेच दाखवतो. गाठ आणि पडदा यांच्यातले अंतर १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल, तर धोका जास्त मानतात आणि आधी गाठ लहान करण्यासाठी रेडिएशन व किमो देतात. रेडिएशनला आपल्याकडे लोक शेक किंवा लाईट म्हणतात. गाठ शौचावर ताबा ठेवणाऱ्या स्नायूपासून किती दूर आहे, हेही एमआरआयमध्ये दिसते. पोटावर पिशवी तात्पुरती लागेल की कायमची, याचा अंदाज त्यावरून बांधतात. रुग्णाच्या मनातला सगळ्यात मोठा प्रश्न हाच असतो आणि तो विचारायला तो सगळ्यात जास्त घाबरतो.

रेडिएशन संपल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा एमआरआय सांगतात. तेव्हा नातेवाईक चिडतात. "आत्ताच तर केला होता, पैसे काढायचे धंदे." दुसऱ्या एमआरआयचा प्रश्न वेगळा असतो. गाठ किती आकसली? पडद्यापासून सुटली का? आता ऑपरेशन सुरक्षित आहे का?

काही रुग्णांमध्ये गाठ पूर्ण नाहीशी होते. अशांना लगेच ऑपरेशन न करता कडक देखरेखीखाली ठेवण्याचा मार्ग ब्राझीलमधल्या साओ पाउलो इथल्या सर्जन अँजेलिता हाब्र-गामा यांनी दाखवला. त्यांच्या २००४ च्या अभ्यासानंतर जगभर त्यावर काम सुरू झाले. पण हा मार्ग निवडणाऱ्याला दर काही महिन्यांनी बोटाने तपासणी, दुर्बीण आणि एमआरआय चुकवून चालत नाही. साधारण चौघांपैकी एकाची गाठ पुन्हा उगवते, बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत. वेळेत सापडली तर तेव्हाही ऑपरेशन करता येते. जो रुग्ण ऊसतोडीला जाणार आहे, ज्याचा फोन बंद असतो, ज्याला तपासणीसाठी दोनशे किलोमीटर प्रवास करावा लागतो, त्याच्यासाठी हा निर्णय घेताना ही परिस्थिती डॉक्टरांना सांगितलीच पाहिजे. डॉक्टरांना फिल्ममध्ये गाठ दिसते, घरची अडचण दिसत नाही. ती सांगण्याचे काम सोबत गेलेल्या कार्यकर्त्याचे आहे.

पेट स्कॅन : सगळ्यांनाच लागतो का?

नाही. हा सर्वात महागड्या तपासण्यांपैकी एक आहे आणि त्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. "पूर्ण शरीराचा स्कॅन करून टाकू, म्हणजे शंका नको," असे म्हणून लोक दागिने गहाण ठेवतात.

पेट-सीटीमध्ये साखरेसारखा पदार्थ किरणोत्सारी करून शिरेतून देतात. कॅन्सरच्या बऱ्याच पेशी साखर जास्त ओढतात, त्यामुळे त्या जागा चित्रात उजळतात. पण सूज किंवा जंतुसंसर्ग असेल तरी जागा उजळू शकते, आणि आतड्याच्या कॅन्सरचे काही प्रकार नीट उजळत नाहीत. म्हणून पहिल्या तपासणीत प्रत्येकाला पेट स्कॅन लागत नाही. सीटीत दिसलेला डाग नेमका काय आहे हे ठरत नसेल, लिव्हरच्या मोठ्या शस्त्रक्रियेआधी आजार आणखी कुठे आहे का हे पाहायचे असेल, किंवा उपचारानंतर रक्तातली सीईए ही पातळी वाढते आहे पण सीटीत काही सापडत नाही, अशा वेळी तो खरोखर उपयोगी पडतो.

पेट स्कॅन सांगितला तर शांतपणे विचारा, "डॉक्टर, यातून आपल्याला काय ठरवायचे आहे? याचा निकाल कसाही आला तर उपचार बदलणार आहे का?" चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

उपचार संपल्यावर पुन्हा फोटो कशाला?

ऑपरेशन झाले, किमो संपली, माणूस कामाला लागला. मग तपासण्या सुटतात. बरे वाटत असताना रजा काढून, रोज बुडवून रुग्णालयात जाणे कोणालाही नकोच असते. पण हा कॅन्सर परत येतो तेव्हा बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत येतो, आणि सुरुवातीला त्याचे काहीही लक्षण नसते. म्हणून साधारण पाच वर्षे पाठपुरावा असतो. दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांची तपासणी आणि सीईएची रक्ततपासणी, ठरलेल्या अंतराने सीटी, आणि साधारण वर्षाने कोलोनोस्कोपी. प्रत्येक रुग्णाचे वेळापत्रक डॉक्टर वेगळे ठरवतात. ते लिहून घ्या आणि घरातल्या तरुणाच्या मोबाईलमध्ये तारखा टाका.

मशिनची भीती

आमच्या अनुभवात निम्मी भीती मशिनमध्ये आत काय होते हे माहीत नसल्याने असते. म्हणून थोडक्यात.

सीटी काही मिनिटांत होतो. कॉन्ट्रास्ट देताना अंगात गरम वाटते, तोंडाला वेगळी चव येते, ते साधारण असते. त्याआधी किडनीसाठी क्रिएटिनिन तपासतात. आधी कधी औषधाची ॲलर्जी झाली असेल, दमा असेल, मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी चालू असेल, किंवा बाई गरोदर असण्याची शक्यता असेल, तर विचारायची वाट न पाहता सांगा. सीटीत क्ष-किरण वापरतात, म्हणून विनाकारण करू नये. पण कॅन्सरच्या रुग्णाला त्यातून मिळणाऱ्या माहितीपुढे तो धोका फार लहान आहे.

एमआरआयमध्ये किरणे नसतात, चुंबक असते. अर्ध्या-पाऊण तासापर्यंत बोगद्यासारख्या जागेत हालचाल न करता पडावे लागते आणि ठकठक असा मोठा आवाज होतो. रुग्ण हलला की चित्र बिघडते. शरीरात पेसमेकर, जुनी प्लेट, धातूचा तुकडा असेल तर आधी सांगा. मंगळसूत्र, करदोऱ्याची चांदी, गळ्यातले पदक सगळे काढून जा. बंद जागेची भीती वाटत असेल तर तेही सांगा; त्यात कमीपणा नाही.

पेट स्कॅनला काही तास उपाशी राहावे लागते आणि रक्तातली साखर आटोक्यात लागते. स्कॅननंतर काही तास लहान मुले आणि गरोदर बायका यांच्यापासून थोडे लांब राहायचे आणि भरपूर पाणी प्यायचे.

पैसा, फाईल आणि योजना

आमच्या पाहण्यातली सगळ्यात मोठी उधळपट्टी म्हणजे एकच तपासणी दोनदा होणे. एका ठिकाणी एमआरआय केला, फिल्म आहे पण सीडी हरवली. किंवा बाहेरून घाईने केलेला एमआरआय गुदाशयाच्या कॅन्सरसाठी लागतो त्या पद्धतीने केलेलाच नाही. मग कॅन्सर रुग्णालय म्हणते, पुन्हा करा. म्हणून शक्य असेल तर उपचार कुठे घ्यायचे हे आधी ठरवा आणि तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच मोठे स्कॅन करा.

फाईल तारखेप्रमाणे लावा. फिल्म, सीडी, छापील रिपोर्ट, तुकड्याचा रिपोर्ट, रक्ताचे रिपोर्ट. तुकड्याचे ब्लॉक आणि स्लाईड मागून घ्या. दुसऱ्या रुग्णालयात त्या लागतात. फिल्म घडी घालू नका, उन्हात ठेवू नका. प्रत्येक रिपोर्टचा मोबाईलवर फोटो काढून दोन माणसांकडे ठेवा. डॉक्टर जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवून पाहतात. जुना नसेल तर डाग वाढला की कमी झाला, हे कसे सांगणार?

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार अंगीकृत रुग्णालयांत मिळतात आणि त्यात कॅन्सरच्या शस्त्रक्रिया, किमो, रेडिएशन आहेत. पण योजनेत मंजुरी मिळण्याआधी बाहेर केलेल्या तपासण्यांचा खर्च बहुतेकदा आपल्याच खिशातून जातो. म्हणून पहिल्या दिवशीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, कोणत्या तपासण्या पॅकेजमध्ये बसतात ते विचारा आणि रेशनकार्ड, आधार कार्ड सोबत ठेवा. १५५३८८ या क्रमांकावरही माहिती मिळते. याशिवाय धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवणे बंधनकारक आहे. ही मेहेरबानी नाही, कायद्याने दिलेला हक्क आहे. तो मागताना मान खाली घालू नका.

विहारातल्या तरुणांनी काय करावे?

१४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, ६ डिसेंबर या दिवशी आपण आरोग्य शिबिरे घेतो. रक्तदाब, साखर, डोळे तपासतो. पुढच्या शिबिरात तीन प्रश्न वाढवा. शौचातून रक्त पडते का? गेल्या काही आठवड्यांत शौचाची सवय बदलली आहे का, पुन्हा पुन्हा जावेसे वाटते, पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही? कारण नसताना वजन किंवा रक्त कमी झाले आहे का? हे प्रश्न आडोशाला विचारा, बायकांना बायकांनीच विचारा. रक्त कमी असलेल्या पुरुषाला किंवा पाळी गेलेल्या बाईला केवळ लोहाच्या गोळ्या देऊन परत पाठवू नका. आतड्यातून न दिसणारा रक्तस्राव हे त्याचे कारण असू शकते. 'हो' म्हणणाऱ्या प्रत्येकाला कॅन्सर नसतो. बहुतेकांना मूळव्याध किंवा साधा विकारच निघेल. पण तो तपासून निघाला पाहिजे, अंदाजाने नाही. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला हा कॅन्सर झालेला असेल, तर लक्षण नसले तरी डॉक्टरांना विचारून कोलोनोस्कोपी कधी करायची ते ठरवा.

दुसरे, प्रत्येक विहारात किमान दोघांनी रुग्णांच्या फाईली लावणे, आरोग्यमित्राशी बोलणे आणि डॉक्टरांना प्रश्न विचारणे शिकून घ्यावे. त्यासाठी वैद्यकीय शिक्षण लागत नाही. एक वही, थोडा संयम आणि रांगेत उभे राहण्याची तयारी लागते. वर्षावासाच्या तीन महिन्यांत प्रवचनांसोबत एक संध्याकाळ यासाठी द्यावी आणि समाजातल्याच एखाद्या डॉक्टरला किंवा परिचारिकेला बोलवावे.

आमच्या टेम्पोचालक बांधवाच्या एमआरआयमध्ये गाठ पडद्याला टेकलेली दिसली होती. पाच आठवडे रेडिएशन झाले, दुसऱ्या एमआरआयमध्ये ती सुटलेली दिसली आणि मग ऑपरेशन झाले. गाठ खूप खाली असल्याने पोटावर कायमची पिशवी आहे. आज ते पुन्हा टेम्पो चालवतात. दर तपासणीला पत्नी सोबत असते, फाईल तिच्याच हातात असते आणि डॉक्टरांच्या खोलीत शिरताच ती विचारते, "या वेळचा फोटो मागच्या फोटोशी जुळवून पाहिला का?"

जिन्यावर बसून तिने आम्हाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता ती इतरांना देते. वॉर्डात नवी कुटुंबे येतात, घाबरलेली, हातात फिल्मची पिशवी घेऊन. ती त्यांच्याजवळ बसते आणि कोणता फोटो कशासाठी हे समजावून सांगते. आपल्या वस्तीतल्या पुढच्या रुग्णासोबत कोण जाणार, हे येत्या रविवारच्या वंदनेनंतर विहारातच ठरवूया.

नमो बुद्धाय, जय भीम!